आधी कोणता ग्रुप

सी.ए.च्या मधल्या परीक्षेत दोन ग्रुप असतात, प्रत्येकात तीन-तीन पेपर. पहिला आधी द्या, दुसरा आधी द्या, नाहीतर दोन्ही एकदम द्या. विद्यार्थ्याला पूर्ण मोकळीक. ही मोकळीक ज्याने कोणी दिली, त्याने एकट्याने अभ्यास करणारा माणूस जवळून पाहिला नसावा. क्लासच्या मुलांना हे सगळं क्लासवाले ठरवून देतात. मी क्लासला जात नव्हते. अमरावतीच्या एका अभ्यासिकेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे. आजूबाजूला सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं, तलाठी भरतीवाल्यांपासून कलेक्टर होणाऱ्यांपर्यंत. मी बँकेची तयारी करते असा त्यांचा समज होता. सुरुवातीला मी तो खोडून काढायचे, नंतर नाद सोडला.

आधी एकदा मी दोन्ही ग्रुप एकदम भरले होते आणि सहाच्या सहा पेपरांत आपटले होते. तेव्हा पप्पा काही बोलले नाहीत. ते जिल्हा परिषदेचे मास्तर, धारणीकडच्या गावांत अकरा वर्षं जीपला लोंबकळत नोकरी केलेली. त्यांना धीर धरायची सवय आहे. पण पुढच्या वर्षी त्यांनी साफ सांगितलं, "या खेपेले एक तरी ग्रुप काढ बेटा. नाईतं बी.एड." आमच्याकडे बी.एड. म्हणजे शिक्षण नव्हे, पुनर्वसन. त्याची प्रवेश परीक्षा त्यांनी मला आधीच द्यायला लावली होती आणि दुर्दैवाने तिच्यात मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. मार्कशीट, टी.सी., जातीचा दाखला, सगळं एका निळ्या फाईलमध्ये घालून ती फाईल फ्रीजवर ठेवलेली होती. पाणी प्यायला उठलं की ती दिसायची.

बी.एड.मध्ये वाईट काही नाही. पण चार पोरांसमोर उभं राहिलं की मला घाम फुटतो, आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की जिवाला गार वाटतं. पप्पांना पटावं असं याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं.

तर आधी कोणता ग्रुप घ्यायचा हे ठरवायला मी बसले. चार रंगांची पेनं आणून तक्ता केला. मोबाईलवर पहिल्या आलेल्या मुलामुलींची भाषणं ऐकली. एक म्हणाली, अवघड आधी उरका. दुसरा म्हणाला, सोपं आधी घ्या, आत्मविश्वास वाढतो. तिसऱ्याने सांगितलं की तो रोज चौदा तास अभ्यास करायचा आणि शिवाय गिटारही वाजवायचा. अडीच आठवडे मी कोणता अभ्यास करायचा याचाच अभ्यास केला, आणि परीक्षेत हा विषय असता तर नक्की पहिली आले असते.

सल्ल्याला तोटा नव्हता. भीमजयंतीच्या भोजनदानात मी भाजी वाढत होते, तर पंगतीतून तीन जणांनी तीन वेगळे ग्रुप सुचवले. ग्रुप दोनच असतात हे सांगितल्यावर तिसरा माणूस नाराज झाला. म्हणाला, "आजकालच्या पोरी ऐकूनच नाई घेत."

या सगळ्यांवर शेवटचा शब्द मात्र काकांचा. हे काका म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले. झेरॉक्स, शॉप ॲक्ट, रिटर्न, जीएसटी, सगळं एकाच टेबलावर. काकांचा सी.ए.चा 'एक ग्रुप निघालेला' होता. पुण्यामुंबईत याला अर्धवट म्हणत असतील. आमच्या कॉलनीत ती पदवी होती. लग्नपत्रिकेत छापायचीच काय ती राहिली होती. कोणता ग्रुप, कधी निघाला, पुढे काय झालं, हे कोणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नव्हतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझा चार रंगी तक्ता उलटा धरून पाहिला.

"दुसरा ग्रुप घेजो," ते म्हणाले. "पहिला म्हंजे वाघ हाय वाघ. त्यातला तो लॉचा पेपर भल्याभल्यायले खाऊन बसला. आनि सेंटर अमरावतीच भरजो. पोरीच्या जातीनं कायले उन्हातान्हाचं अकोल्याले मरमर जाचं?"

अकोल्याचा विषय मी काढलाच नव्हता. पण काकांचा सल्ला नेहमीच मागितल्यापेक्षा चार बोटं जास्त असे. पप्पांना तो लगेच पटला. "त्यायचा एक ग्रुप निघला हाय," ते म्हणाले. विषय संपला.

माझा मात्र संपला नाही. पहिल्या ग्रुपात अकाउंट्स आणि टॅक्स होते, आणि मला जे काही थोडंफार येत होतं ते तेच होतं. दुसऱ्या ग्रुपातल्या ऑडिटचं पुस्तक उघडलं की पाचव्या पानावर डोळे मिटायचे. तेव्हा मी घरी दुसरा ग्रुप सांगितला आणि मोबाईलवरून गुपचूप पहिला भरला. आयुष्यात पप्पांशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही ग्रुपच्या आकड्यावरून. काकांना सुगावा लागू नये म्हणून सेंटर भरलं अकोला, आणि घरी सांगितलं की सेंटरच तिकडचं आलं. यात माझी अक्कल फारशी नव्हती. अमरावतीत ज्याला परीक्षा लपवायची असते तो अकोला भरतो, आणि अकोल्यातला अमरावती भरतो, ही जुनी वहिवाट आहे. दोन्ही गावांना वाटतं की आपली लाज दुसऱ्या गावात कोणी ओळखत नाही.

अकोल्यात माझी मावशी राहते. तिने ग्रुपबिपचं काही विचारलं नाही. "परीक्षा किती दिवस हाय?" एवढंच विचारलं आणि तेवढ्या दिवसांचं दही विरजायला घेतलं. सगळ्या वर्षात मला मिळालेला हा एकच सल्ला उपयोगी पडला, आणि तो सल्लाही नव्हता.

पहिल्या पेपरचा दिवस. मे महिन्यातलं अकोला, दुपारची वेळ. कॉलेजच्या गेटवर रांग, आणि रांगेतल्या सगळ्यांची तोंडं बांधलेली. मुलींचे स्कार्फ, पुरुषांचे पांढरे दुपट्टे, फक्त डोळे तेवढे उघडे. गेटवरचा माणूस ओरडला, "तोंडं सोडा बापा, फोटो पाहा लागते!" मी स्कार्फ सोडला. माझ्या पुढच्या माणसाने दुपट्टा सोडला आणि घाम पुसायला मान वळवली.

काका होते. एका हातात हॉलतिकीट, दुसऱ्या हातात दुकानातला तो मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर, मागून चिकटपट्टी लावलेला.

"तुहा तं दुसरा ग्रुप होता ना वं?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही इथे?"

"मी... जीएसटीच्या सुनावनीले आलतो," काका म्हणाले. हॉलतिकीट अजून हातातच होतं. ते खिशात घालावं की नाही हे त्यांना सुचेना. मागून आणखी दोन दुपट्टे सुटले, तेही आमच्याच भागातले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम आकाशाकडे पाहिलं. आकाशात काहीही नव्हतं.

पेपर लिहितानाच माझ्या लक्षात आलं. काकांनी मला दुसरा ग्रुप आणि अमरावती सांगितली ती माझ्या भल्यासाठी नव्हे, तर या गेटवर मी त्यांना भेटू नये म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला इतका राग आला की त्या भरात एक अख्खं गणित बरोबर सुटलं.

पण पेपर एक दिवसाआड होते आणि ऊन सगळ्यांना सारखंच होतं. पेपर सुटला की काका गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली बसायचे, परतीच्या बडनेऱ्याच्या गाडीला वेळ असायचा. दुसऱ्या पेपरला, लॉच्या दिवशी, ते नुसता कॅल्क्युलेटर पुसत बसले. त्या पेपरात त्याचं काही कामही नव्हतं. तिसऱ्या दिवशी टॅक्स झाला आणि ते खुलले.

"एक प्रश्न होता पाय, करदात्याले काय सल्ला द्याल. मी लिवलं, आधी नोटीस येऊ द्यावी."

"काका, कलम लिहायचं होतं तिथे."

"बारा वर्षं हेच सांगून राहिलो ना मी पार्ट्यायले! कोनाचं काई वाकडं झालं काय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "कॉलनीत सांगू नको वं."

"तुम्हीही पप्पांना सांगू नका," मी म्हणाले. सौदा झाला. अभ्यासक्रम त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा बदलला होता, पुस्तकं बदलली होती. काका दर खेपेला 'सुनावणी'ला अकोल्याला येत होते.

निकाल जुलैत लागला. मी पास झाले. प्रत्येक पेपरात चाळीस लागतात आणि एकूण निम्मे. माझे निम्म्याहून सहा जास्त होते. हे सहा मार्क मी आजही कोणाला उसने द्यायची नाही. मी रडले. पप्पांनी मोबाईल तीनदा दूर-जवळ करून पाहिला आणि म्हणाले, "इथं पहिला ग्रुप लिवला हाय. तुहा तं दुसरा होता." खोटेपणा उघडा पडायला दुसरं मिनिट लागलं नाही. पण पेढे आणायला मम्मी आधीच निघून गेली होती, त्यामुळे चौकशी पुढे ढकलली गेली.

संध्याकाळी घर शेजाऱ्यांनी भरलं. काका आले. पप्पांनी सगळ्यांसमोरच विचारलं, "अहो, तुमी तं दुसरा सांगतला होता ना?"

"मीच सांगतलं तिले मागून," काका म्हणाले. "म्हटलं, पहिलाच घे. हिंमत कर." कॉलनीने माना डोलावल्या. एक ग्रुप निघालेल्या माणसाचा शब्द.

मी तोंड उघडलं. माझा अडीच आठवड्यांचा तक्ता, माझं खोटं, माझे सहा मार्क, सगळं या माणसाने दोन वाक्यांत आपल्या नावावर केलं होतं. तेवढ्यात त्यांच्या हातातल्या पेढ्याकडे लक्ष गेलं. तो त्यांनी खाल्ला नव्हता. बोटांत धरून ठेवला होता, आणि तो मऊ पडत चालला होता.

"हो," मी म्हणाले, "काकांनीच सांगितलं."

ते निघाले तेव्हा मी गेटपर्यंत गेले. "तुमचं काय झालं?"

"नाई झालं. लॉ." आणि पुढे म्हणाले, "तुह्या लॉच्या वह्या देशील काय? म्हंजे, तू कसा केला थो पेपर?" "माझ्या?" मी विचारलं. मग ते चिडल्यासारखे म्हणाले, "सारी कॉलनी मले इचारते. मी कोनाले इचारू, सांग बरं?"

मला फार वाईट वाटलं. मी एकटीने अभ्यास केला असं वर्षभर सगळ्यांना सांगत होते, आणि माझ्यामागे पप्पांचा धाक, मावशीचं दही, फ्रीजवरची फाईल, केवढी फौज होती. या माणसाला आपण अभ्यास करतो हेसुद्धा कोणाला सांगता येत नव्हतं.

आत जाऊन मी फ्रीजवरची निळी फाईल उतरवली. बी.एड.चे कागद काढून टेबलावर ठेवले, माझ्या लॉच्या दोन वह्या तिच्यात घातल्या आणि फाईल काकांना नेऊन दिली. त्यांनी ती शर्टाच्या आत सरकवली. वरून बटण लावलं.

"पुन्हा अकोलाच का?" मी विचारलं.

"नाई वं," काका म्हणाले. "आता अमरावतीच भरतो. अकोल्याले लय ओळखीचे निंगतात."