मानसशास्त्राचं विसावं नाव

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हाताला धरून शेजारच्या दुकानात नेऊन सोडणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो आमच्या कॉलेजात मानसशास्त्राचा विभागप्रमुख होता. हे मी ऐकीव सांगत नाही. चोवीस वर्षं मी त्या कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यातली निम्मी बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणून. प्रवेशाचे अर्ज, हजेरीपट, कोणाचे किती तास याची पत्रकं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. या गृहस्थानं स्वतःच्या विषयाचं स्वतःच्या हातानं किती वाटोळं केलं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तरी हा माणूस आठवला की मला पहिल्यांदा हसूच येतं, राग नंतर.

जून लागला की आमच्याकडचे प्राध्यापक पोट्टे गोळा करायला निघतात. बाहेरच्यांना याचं नवल वाटेल. पण विद्यार्थी नाहीत तर तास नाहीत आणि तास नाहीत तर जागा नाही, इतका सरळ मामला आहे. इतिहासाचे सर मोटारसायकलवर थेट आष्टीपर्यंत जाऊन येत. बारावीचा निकाल लागला की मराठीच्या मॅडम पेढ्याचा डबा घेऊन शाळेच्या फाटकावर उभ्या. आणि आमचे हे सर? कॉलेजच्या पोर्चमध्ये दोन खुर्च्या आणि पाण्याची बाटली घेऊन निवांत बसलेले. मानसशास्त्र घ्यायला आलेल्या प्रत्येकाला समोर बसवायचे आणि विचारायचे, "काऊन?" म्हणजे हाच विषय का? झालं! तिथून पुढं तासभर तो पोट्टा आणि सर. बाकीच्यांच्या टेबलावर तेवढ्या वेळात चार-चार प्रवेश होऊन जात.

एकदा आष्टीकडचा एक पोरगा आला. "लोकाईच्या मनातलं ओळखता येते म्हणते न सर, म्हणून मानसशास्त्र पायजे." सरांनी त्याला मनातलं सोडून बाकी सगळं विचारलं. निघालं काय, तर पोराला वर्धा स्टँडवरून सुटणारी प्रत्येक एसटी तोंडपाठ. कोणती कोणत्या फाट्यावर वळते, मधे कोणता नाला लागतो, कोणत्या गावी टेकडी डाव्या हाताला येते. सरांचा चेहरा खुलला. "अरे लेका, तू इकडं काय करून राह्यला? तुह्या डोक्यात तर नकाशा हाये!" स्वतः उठले, पोराच्या खांद्यावर हात टाकला आणि नेऊन बसवला भूगोलाच्या टेबलापुढं. भूगोलवाल्यांनी सरांना चहा पाजला. मी खिडकीतून हे बघत होतो आणि माझ्या कपाळावरची शीर उडत होती.

"सर, एक तर जाळ्यात येतो, त्यालाही सोडून देता," मी म्हटलं.

"बाबू, तो आपल्याकडं राह्यला असता तर तीन वर्षं जांभया देत बसला असता. काय फायदा?" असं म्हणून पुढच्याला "काऊन?" विचारायला मोकळे.

गळ्यात मात्र कायम स्टॉपवॉच. नवीन आलेली पोरं त्यांना खेळाचे सर समजून कबड्डीची निवड कधी आहे म्हणून विचारायची. स्टॉपवॉच प्रयोगांसाठी होतं, पण सर सगळंच मोजत. कॅन्टीनचा चहा किती वेळात उकळतो, माझी सही किती सेकंदात होते, प्राचार्य किती वेळ बोलतात. एका स्वागत समारंभानंतर प्राचार्यांनी मोठ्या हौसेनं विचारलं, "कसं झालं भाषण?" सर म्हणाले, "सव्वीस मिनिटं. पोट्टे चौथ्या मिनिटालेच गेलते." प्राचार्यांना वाटलं, पोरं सभागृहातून उठून गेली. ती बिचारी शेवटपर्यंत जागेवरच होती, गेलं होतं ते त्यांचं लक्ष.

आता प्रयोगांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला उंदीर-बेडूक लागत नाहीत, माणूस लागतो. पोरांनी एकमेकांवरच प्रयोग केले तर सरांना पटायचं नाही. "त्याईले उत्तर माहीत असते न," म्हणायचे. मग माणूस कोण? जो सापडेल तो! नोटीस घेऊन गेलेला शिपाई अर्धा तास परत यायचा नाही, कारण तिकडं त्याला शब्दांच्या याद्या पाठ करायला बसवलेलं असायचं. मी नोकरीवर लागलो त्या पहिल्या दिवशी रजिस्टर द्यायला गेलो, तर सरांनी मला एका आरशापुढं बसवलं. कागदावर चांदणी काढलेली, दुहेरी रेघांची. मधल्या गल्लीतून पेन्सिल फिरवायची. पण कागद फळीनं झाकलेला, दिसतं ते फक्त आरशात. सोपं वाटतं ना? करून बघा! हात उजवीकडं नेला की पेन्सिल भलतीकडं पळते. मी सेहेचाळीस वेळा रेघेबाहेर गेलो, दोन पेन्सिली मोडल्या, पण चांदणी पुरी केली. घाम पुसत विचारलं, "सर, पास का नापास?"

"इथं पास-नापास नसते," सर म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

आमच्या कॉलेजात असा माणूस नसेल ज्यानं ती चांदणी गिरवली नाही आणि हा प्रश्न विचारला नाही. उत्तर कोणालाच मिळालं नाही. सगळ्यांत जास्त वेळा गिरवली असेल ती कॅन्टीनच्या ताईंनी. कॅन्टीन प्रयोगशाळेला लागून, आणि ताईंचा स्वभाव नाही म्हणण्याचा नाही. कढई उतरवून, पदराला हात पुसत जायच्या आणि परत येऊन भजी तळायच्या. वीस वर्षं हे चाललं.

मग ते पत्र आलं. विषयवार विद्यार्थी किती, शिक्षक किती, हे तपासायला समिती येणार. कमी विद्यार्थ्यांचे विषय बंद करायचे, असा सगळ्याचा अर्थ. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला वीस नावं तरी हवी होती. होती एकोणीस, आणि प्रवेशाला चार दिवस उरलेले.

सरांचं काही बिघडणार नव्हतं. ते पुढच्या उन्हाळ्यात निवृत्तच होणार होते. बिघडणार होतं आमच्या तासिकेवरच्या मॅडमचं. ही मुलगी सरांचीच विद्यार्थिनी. अकरा वर्षं तासाच्या मानधनावर शिकवत होती, सुट्टी लागली की मानधन बंद. सर गेले की त्यांच्या जागेवर तिचा विचार होईल, अशी आशा धरून बसलेली. पण विषयच राहिला नाही तर जागा कुठली? आणि ती इतकी सोशिक की सरांना एका शब्दानं बोलली नाही. त्या आठवड्यात मी तिला रिकाम्या वर्गात बाकं पुसताना पाहिलं. ते तिचं काम नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. कॅन्टीनमध्ये, सगळ्यांदेखत, मी सरांवर ओरडलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "सर, तुमचं काय जाते? तुम्ही नालवाडीले घरी जाऊन बसान! त्या पोरीनं काय करावं? तुमच्या एका 'काऊन'पायी तिची जिंदगी बरबाद होऊन राह्यली!"

सरांनी चहा मोजायला स्टॉपवॉच चालू केलं होतं, ते हातात तसंच चालू राहिलं. ताईंनी चहा पुढं ठेवला, तो निवला, तरी बंद करायचं भान राहिलं नाही. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण मी तोंड वाकडं करून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी खरोखर प्रयत्न केला, देवाशपथ! पोर्चमध्ये पुठ्ठ्याचा बोर्ड लावला: 'मानसशास्त्र घ्या.' अक्षर इतकं बारीक की जणू कोणी वाचू नये. एक मुलगी आलीही. सरांनी ओठ घट्ट मिटून अर्ज पुढं केला. मी श्वास रोखून बघत होतो. मुलीनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि सरांच्यानं राहवलं नाही. "बेटा... काऊन?" तासाभरानं ती मुलगी गृहअर्थशास्त्रात होती आणि आनंदात होती. सर माझ्या टेबलाशी येऊन शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. "बाबू, माह्यानं नाई होत."

शेवटच्या दिवशी मीच अर्ज भरला. बी.कॉम. झालोय, पन्नाशी उलटली, पण प्रवेशाला वयाची अट कुठं आहे? प्राचार्यांची परवानगी खिशात ठेवली आणि जाऊन सरांच्या समोर बसलो.

"काऊन?" सरांनी विचारलं.

"काऊन म्हणजे? तुमच्यासाठी! त्या पोरीसाठी!"

सरांनी अर्ज हलकेच माझ्याकडं सरकवला. डोळे भरले होते त्यांचे. "मंग नाई, बाबू. विषयासाठी येणारा पायजे. तुम्ही माह्यासाठी आले." मी तर कपाळच बडवून घेतलं. विनवलं, भांडलो, शेवटी मॅडमला बोलावून आणलं. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या बडेबाबू. सर बरोबर म्हणून राह्यले." म्हणजे गुरू तशी चेली! ऑफिसची अर्ज घेण्याची खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता.

तेवढ्यात ताई आल्या. पदर खोचलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत बारावीची गुणपत्रिका. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. मी रिकाम्या केलेल्या खुर्चीवर बसल्या. सरांनी त्यांनाही सोडलं नाही.

"ताई, काऊन?"

ताई आधी लाजल्या, मग एकदम बोलल्या. "सर, वीस वर्षं झाले. तुमच्या पोराईनं माह्या डोक्यावर किती प्रयोग केले त्याची गिनती नाई. चांदणी काढली, शब्द पाठ केले, दिव्याकडं पाहून बटन दाबलं. दरसाल विचारलं, पास का नापास. कोणीच सांगतलं नाई. माह्या डोक्यात तुम्हाले काय दिसलं, ते मले समजून घ्यायचं हाये. तुम्ही सांगत नाई, तर मीच शिकतो."

तासभर विचारणारा माणूस एका उत्तरात संपला. सर म्हणाले, "चुकलंच माहं, ताई," आणि वाकून सही केली. मी तो अर्ज हातातून जवळजवळ हिसकावला आणि खिडकीकडं धावलो. वीस!

समिती आली, समोसे खाऊन गेली. त्यातल्या एका मोठ्या साहेबांना सरांनी आरशापुढं बसवलं. साहेब चांदणीच्या दुसऱ्या टोकावर अडकले आणि इतके इरेला पेटले की जेवणाला उशीर झाला. जाताना "पास का नापास?" विचारून गेले. विषय राहिला. सर निवृत्त झाले, आणि पुढं त्या जागेवर मॅडमच लागल्या, रीतसर. निरोपाच्या दिवशी सरांनी स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यात घातलं आणि मला एक जुनाट कागद दिला. माझी पहिल्या दिवसाची चांदणी! खाली सरांच्या बारीक अक्षरात शेरा: 'चिडतो, पण सोडत नाही.' तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. घरी दाखवला तर बायको म्हणाली, यातलं अर्धं तर मलाही माहीत होतं.

ताई आता शेवटच्या वर्षाला आहेत. मॅडमनीही सरांचा नियम मोडला नाही, प्रयोगाला बाहेरचाच माणूस लागतो. मागच्या आठवड्यात ताईंनी नालवाडीहून सरांना बोलावून घेतलं. ऑटोतून उतरताना त्यांना हात द्यावा लागला, इतके थकलेत. ताईंनी त्यांना आरशापुढं बसवलं, मॅडमकडचं स्टॉपवॉच स्वतःच्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "सर, घाबरायचं नाई." मी कामाचं निमित्त काढून दारात उभा होतो.

सरांचा हात फार कापत होता. जन्मभर दुसऱ्याला ती चांदणी गिरवायला लावली, आता पेन्सिल त्यांच्याच हातात थरथरत होती. एक कागद झाला, दुसरा झाला. सर आरशावरून मान वर करून ताईंकडं बघू लागले.

"पास का नापास?"

ताईंनी कागद उजेडात धरला, नीट बघितला. "सर, हात कापते तुमचा. रेघीच्या बाहेर लय गेले. पण मधात सोडलं नाई." सर लहान मुलासारखे हसले. ताईंनी तेवढंच वाक्य वहीत लिहिलं आणि पहिला कागद वहीत चिकटवला. दुसरा टेबलावर उरला.

"सर, हा मला द्या," मी म्हटलं.

"काऊन?"

या वेळी मी नुसता हात पुढं केला. सरांनी तो कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला.