फुग्याची दाढी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. त्याच्या मालकांना सगळे हळूमामा म्हणतात. हे नाव त्यांना भाच्यांनी दिलेलं नाही, गिऱ्हाइकांनी दिलंय. वस्तरा हातात घेतला की मामा स्वतःशीच "हळू... हळू..." असं पुटपुटतात. नवखं गिऱ्हाईक ते ऐकून घाबरतं. त्याला वाटतं, या माणसाला वस्तरा आजच मिळालाय. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र त्या पुटपुटण्यानं झोप लागते. मी वीस वर्षं दर रविवारी त्या खुर्चीत झोपत आलोय, आणि घरी सांगत आलोय की सलूनमध्ये गर्दी फार.

मामांना दोनच गोष्टींचा तिटकारा: घाई आणि खरखर. दाढी झाली की ते बोटांची मागची बाजू गालावरून खालून वर, उलटी फिरवतात. जरा कुठे खरखरलं की पुन्हा फेस. सुट्टीच्या दिवशी हेच ते मोटारींचं करतात. ओळखीतल्या कुणाची तरी गाडी "राहू द्या आज इथं" म्हणून ठेवून घेतात, धुतात, मान तिरकी करून उन्हात बघतात. आपण वर्षानुवर्षं फडकी मारून रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे पाडलेले असतात. ते मामा पॉलिशचं मलम लावून, हातानं घासून घालवत बसतात. एका बॉनेटला तीन तास. पैसे घेत नाहीत.

"एवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर..." मामी म्हणतात. वाक्य त्या पुरं करत नाहीत.

"तुझ्या तोंडावर ओरखडे कुठं आहेत?" मामा म्हणतात. हे उत्तर त्यांनी एका दिवसात शोधलं असेल असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी मामांचा खांदा कुरकुरू लागला. तीन तास घासणं जमेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की पॉलिश करायचं यंत्र घ्यायचं, पण परवडणारं. ठरवलं म्हणजे लगेच घेतलं, असा अर्थ कुणी काढू नये. सहा महिने माझ्या प्रत्येक दाढीला तोंडी लावायला यंत्रच होतं. माझ्या तोंडाला फेस, त्यामुळे मला फक्त "हं" म्हणता यायचं.

"दोन जाती आहेत, भाऊ. एक नुसती गरगर फिरणारी. स्वस्त, आणि हातात अगदी शांत. पण एका जागी जरा जास्त थांबलात, की रंग तापून उडाला. केस जास्त कापले तर महिन्यात येतात. रंग काय उगवणार आहे?"

"हं."

"दुसरी डुगडुगत फिरते. जास्त दाबलं की आपोआप थांबते. तिच्यानं रंग सहसा जळत नाही, नवशिक्याचीही चूक पोटात घालते. पण ज्या आपल्याला परवडतात, त्या हाताला फार थरथरवतात म्हणे."

"हं."

"मला पहिलीच बरी वाटते. चूक पोटात घालणाऱ्या यंत्राला कारागीर कशाला हवा?"

त्यांची खरी काळजी 'थरथर' या शब्दात होती. चाळीस वर्षं केस कापायचं मशीन धरून त्यांच्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या होत्या. नव्या यंत्राची थरथर वस्तऱ्याच्या हातात उतरली, तर संपलंच. वस्तरा म्हणजे मामा. बाकीचं सलून म्हणजे दोन खुर्च्या आणि एक आरसा.

आणि इथे मला एक कबुली द्यायला हवी. दुकानात जाण्याआधीच्या दोन महिन्यांत माझ्या हनुवटीवर तीनदा कापलं होतं. मी मामांना काही बोललो नाही. रक्त घरी पोचल्यावरच दिसायचं, तेव्हा तुरटी फिरवली, घरच्यांना "पुळी आली होती" असं सांगितलं, आणि स्वतःला समजावलं की वय झालं की हनुवटीची कातडी पातळ होते.

शेवटी मामा यंत्र घ्यायला निघाले. गाडी माझी, म्हणून मी बरोबर. दुकान हत्यारांचं, अरुंद आणि लांबलचक. दुकानदार उंच स्टुलावर बसून स्क्रू निवडत होता. मामांनी पिशवीतून एकेक वस्तू काउंटरवर मांडली: वाटी, ब्रश, साबण, वस्तरा, आणि फुग्यांचं पाकीट.

"कुणाचा वाढदिवस?" दुकानदारानं विचारलं.

"परीक्षा आहे," मामा म्हणाले. "आमच्या धंद्यात आधी फुग्याची दाढी करायला शिकवतात. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा. फुगा फुटला नाही, तर हात तयार. माझ्या उस्तादांनी चाळीस फुगे करून घेतले, मग पहिली हनुवटी दिली. आता तुमचं एकेक यंत्र मी दहा मिनिटं चालवतो, आणि लगेच एक फुगा करतो. ज्या यंत्रानंतर फुगा वाचेल, ते माझं."

"गिऱ्हाइकालाच विचारावं की, हात कसा आहे ते."

"गिऱ्हाईक चांगलीच झाली म्हणतं हो. फुगा खोटं बोलत नाही."

मी शेजारच्या करवतींकडे बघू लागलो.

दुकानदाराला हे प्रकरण आवडलं. त्यानं स्टूल सोडलं, तीन यंत्रं काढली, जोडणीची तार ओढली. मग थांबला. "एक सांगू? तोलायच्या आधी रिकामा काटा बघतात. यंत्र न धरता एक फुगा करा. मग कळेल कुठल्या यंत्रानं किती बिघडवलं."

"रास्त आहे," मामा म्हणाले.

मला त्या माणसाचं तोंड दाबावंसं वाटलं.

मामांनी निळा फुगा फुगवला, गाठ मारली, ब्रशनं फेस चढवला. मला फुगा धरायला दिला. वस्तरा टेकवला. "हळू... हळू..." पहिली पट्टी साफ निघाली. दुसरी निघाली. तिसऱ्या पट्टीला माझ्या हातात नुसती गाठ उरली आणि चष्म्यावर फेस.

"फुगा जुना असेल," दुकानदार म्हणाला.

मामांनी दुसरा फुगवला, पिवळा. तो पहिल्याच पट्टीला गेला.

यंत्राला अजून कुणी हातही लावला नव्हता. मामांनी वस्तरा पुसला, मिटला, आणि चष्मा पुसणाऱ्या माझ्याकडे वळले. अगदी दाढीला बघतात तसं माझ्या हनुवटीवरच्या खुणांकडे बघितलं.

"हे माझंच का?"

"त्या दिवशी मी जरा हललो होतो, मामा."

"वीस वर्षांत तुम्ही कधी हलला नाहीत, भाऊ. घोरत असता."

मग त्यांनी यंत्रांकडे तोंड फिरवलं. गरगर फिरणारं, इतके दिवस मनात धरलेलं, त्यांनी उचललंसुद्धा नाही. डुगडुगणाऱ्या दोनांतलं लहान तबकडीचं, हलकं, अगदी संथ गतीवरून सुरू होणारं यंत्र निवडलं. दुकानदार मऊ आवाजात म्हणाला, "दहा मिनिटं चालवायचं, दहा मिनिटं हाताला विश्रांती. मूठ घट्ट आवळायची नाही. दोन पॅड घ्या, एक मळलं की दुसरं."

"चूक पोटात घालतं ना हे?"

"घालतं. पण कडांना सांभाळा. कडेला रंग पातळ असतो, तिथं हेही माफ करत नाही."

परत येताना गाडीत मामांनी पिशवी मांडीवर धरली होती. मी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं, पण फेस नसूनही "हं"पलीकडे काही सुचेना.

त्यांची मुलगी शेजारच्या खुर्चीवर केस कापते. चार वर्षं ती वस्तरा मागत होती, आणि मामा "तुझा हात घाईचा" म्हणून टाळत होते. सलूनमध्ये शिरताच मामांनी फुग्यांचं पाकीट तिच्यापुढे टाकलं. "कर."

तिनं लाल फुगा फुगवला आणि मागच्या घरातून डोकावणाऱ्या आईशी टाकीतलं पाणी कुणी संपवलं यावर भांडत भांडत तो गुळगुळीत केला. मग हिरवा केला. मामांनी दोन्हींवर बोटं उलटी फिरवली. दुसऱ्यावर जरा जास्त वेळ.

"कधी शिकलीस?"

"तुम्ही झोपता ना दुपारी," मुलगी म्हणाली. "आईला विचारा, किती फुगे गेले."

"मोजले नाहीत," मामी म्हणाल्या. "आवाज होऊ नये म्हणून न फुटलेले ती उशीखाली फोडायची."

मामा हसले. हसणं संपल्यावर त्यांनी वस्तरा तिच्या आरशापुढे ठेवला. "रविवारी भाऊ तुझ्याकडे."

रविवारी मी गेलो. खोटं कशाला, देवाचं नाव घेऊनच बसलो. पोरगी अखंड बोलते, त्यामुळे झोपेची आशा सोडली होती. बाहेर फुटपाथच्या कडेला मामा माझ्या गाडीवर यंत्र चालवत होते. यंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि त्याखाली ओळखीचं "हळू... हळू..." मला केव्हा डोळा लागला कळलं नाही.

जागा झालो तेव्हा गाल गुळगुळीत होता, हनुवटी शाबूत होती. बाहेर आलो. बॉनेटमध्ये समोरच्या घराच्या खिडक्या स्वच्छ दिसत होत्या. यंत्र बंद होतं, आणि मामा गाडीच्या दिव्याजवळच्या कडेशी उकिडवे बसून मऊ फडक्यानं एक बोटभर जागा घासत होते. हात थोडा थरथरत होता. फडक्याला त्याचं काही नव्हतं.

"यंत्र असताना हे कशाला?" मी विचारलं.

"कडा हातानंच करायच्या असतात," मामा म्हणाले. "तुम्ही बसा. वेळ लागेल."