मधला दाणा

रिम्मा एफिमोव्नाच्या हाताखालून गेलेला स्फटिक डोळ्यांसमोर धरला, की माणसाला आपल्या पापण्या मोजता येतात, असं सैबेरियातल्या टॉम्स्कच्या त्या संशोधन संस्थेत म्हणत. आणि ते फारसं खोटं नव्हतं. सत्तावन्न वर्षांची, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. उजव्या अंगठ्याची कड घासायच्या भुकटीने कायमची करडी झालेली. तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत ती बसायची. धुळीचा एक कण आत यायला नको म्हणून दारात ओलं फडकं अंथरलेलं असे. त्यावर पाय न पुसता कोणी आत आला, तर तो संस्थेचा संचालक असला तरी ती त्याची गय करत नसे.

हे काम ती शिकली भिंगांच्या कारखान्यात, अठराव्या वर्षी. क्लाव्दिया नावाची एक म्हातारी कारागीर तिची गुरू. ती पोरींना एकच गोष्ट बजावायची, "भुकटीचा दाणा जेवढा जाड, त्याच्या तिप्पट खोल घाव. वरचा ओरखडा दिसतो, खालचा दिसत नाही. म्हणून एक दाणा संपला की पुढच्या बारीक दाण्याने त्याचा घाव मुळापासून खरवडून काढायचा. घाई कराल तर आरसा होईल, पण खोटा." पुढे देश बदलला, कारखान्याला टाळं लागलं आणि रिम्मा चार वर्षं बसथांब्यावर कोबीचे पाव विकत उभी राहिली. उणे तीस अंशांत, दोन शाली गुंडाळून.

तिथेच तिला अर्सेनी कुझ्मिच भेटला. संस्थेत भट्टी सांभाळणारा, उंच, हाडकुळा. रोज दोन पाव घ्यायचा. एकदा त्याचा चष्मा बर्फात पडून ओरखडला, तेव्हा रिम्माने तो हातात घेऊन उजेडात तिरका धरला आणि म्हणाली, "ही काच घासणाऱ्याने शेवटच्या दोन पायऱ्या खाल्ल्यात."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"पावापेक्षा जास्त कळतं."

महिन्याभरात ती संस्थेत लागली, वर्षभरात दोघांचं लग्न झालं आणि नऊ वर्षांनी मोडलं. भांडायला मोठं कारण नव्हतं. अर्सेनी चुका काढणारा माणूस होता. सूपात मीठ कमी, खिडकीची फट नीट बुजवली नाही, चावी खिळ्याला उलटी टांगली. आणि रिम्मा चूक कबूल न करणारी. तेव्हापासून बारा वर्षं दोघं एकाच इमारतीत काम करत होती. तो वरच्या मजल्यावर स्फटिक वाढवायचा, ती खाली घासायची. लग्नात लाडाने 'सेन्या' असलेला माणूस आता पुन्हा 'अर्सेनी कुझ्मिच' झाला होता, तोही 'अहो' लावून, कारण त्या 'अहो'ने तो चिडतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

स्फटिक जस्त, जर्मेनियम आणि फॉस्फरस यांचा. दिसायला काळा, चकचकीत, कोळशाला पाणी पाजल्यासारखा. भट्टीत हजार अंशांच्या वर तो तीन आठवडे वाढायचा आणि मग दहा दिवस हळूहळू निवायचा. घाईने निववला तर तडकायचा. आपल्या डोळ्यांना तो ठार काळा, पण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्यातून काचेतून जावा तसा जातो. नुसता जातही नाही. एका बाजूने लेझरचा प्रकाश शिरला, की आत प्रकाशाच्या एकेका कणाचे दोन कण होतात, ऊर्जा आपसांत वाटून घेतात आणि दुसऱ्या बाजूने अधिक लांब लहरींचा प्रकाश बाहेर पडतो. दलदलीतून निघणारा मिथेन वायू नेमका तो प्रकाश शोषतो. म्हणून असा प्रकाश जोरकस मिळाला, तर दूर उभं राहून वायू किती निघतोय ते मोजता येतं. टॉम्स्कच्या पश्चिमेला दलदलच दलदल. मोजायला वाव भरपूर.

हा जोर वाढवायचं काम दारिमाकडे होतं. दारिमा बातोयेव्ना, बैकाल सरोवरापलीकडून आलेली बुर्यात जमातीची मुलगी, चौतीस वर्षांची, शांत आणि हट्टी. बारा वॅटपर्यंत तिचं यंत्र दोन वर्षं बिनबोभाट चाललं. त्या हिवाळ्यात तिने तीस वॅटचं मनावर घेतलं आणि स्फटिक जळायला लागले. पहिला अठरा वॅटला गेला, दुसरा वीसला. दोन्हींच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. तिसरा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला.

प्रयोगशाळेचे प्रमुख मार्क याकोव्लेविच यांनी सगळ्यांना बोलावलं. भला माणूस, पण वसंतात यंत्र दाखवायचं कबूल करून बसलेला.

"पृष्ठभाग आरशासारखा आहे," ते म्हणाले. "म्हणजे पाणी मुरतंय ते आत. अर्सेनी कुझ्मिच, भट्टी उघडा. अस्तर बदला. आणि सध्याचा सगळा गोळा बाद करा."

गोळा म्हणजे भट्टीतून निघालेला सबंध खडा, ज्यातून हे स्फटिक कापायचे; अर्सेनीची पूर्ण हिवाळ्याची मेहनत. रिम्मा वाट पाहत होती की आता हा उसळेल, तक्ते काढेल, तापमानाच्या नोंदी टेबलावर आपटेल. तो चष्मा पुसत म्हणाला, "बरं."

एवढंच. हा माणूस मिठावरून अर्धा तास वाद घालणारा. रिम्माला ते 'बरं' काट्यासारखं टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जळालेला दुसरा स्फटिक मागून आणला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मोठा खड्डा तर होताच, पण त्याच्या शेजारी आणखी दोन होते, अगदी बारीक. ती बघत राहिली. स्फटिक फिरवून पुन्हा बघितलं. तिन्ही खड्डे एका ओळीत होते.

प्रकाश ओळ धरून जाळत नाही. ओळ धरून जातो तो ओरखडा.

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. तिला सगळं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कोझेव्निकोवो गावात तिची आई पडली होती. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, शहरात यायला तयार नाही, शेजारणीचं ऐकत नाही. दर गुरुवारी दुपारची बस धरून रिम्माला तिथे जावं लागे. आठवड्यात दीड दिवस कमी पडायला लागला आणि मागणी तर तेवढीच. तेव्हा एकदा तिने मधला दाणा गाळला. जाड दाण्यावरून थेट बारीक दाण्यावर. चकाकी तशीच आली. बारा वॅटला स्फटिक टिकला. मग पुढच्या वेळीही गाळला. नंतर ती मधल्या भुकटीची बरणी कपाटात मागे सरकली आणि रिम्माने तिच्याकडे बघणंच सोडलं.

आता गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. भट्टीचं अस्तर बदललं जाईल, पुढचे स्फटिक ती व्यवस्थित घासेल, ते टिकतील आणि सगळे म्हणतील, अस्तरच खराब होतं. खापर अर्सेनीवर फुटलंच होतं. तिला नवं काही करायचं नव्हतं, फक्त मूग गिळून बसायचं होतं.

ती उठली आणि दारिमाकडे गेली.

"पोरी, उरलेल्या चांगल्या स्फटिकांतला एक पातळ ॲसिडमध्ये बुडव. दीड मिनिट."

"रिम्मा एफिमोव्ना, चांगला स्फटिक? पण त्याची पॉलिश तर आरसा आहे!"

"आरसाच आहे. आरशाखाली काय आहे ते बघायचंय. आणि दोघांना बोलाव, मार्क याकोव्लेविचना आणि वरच्याला."

वरचा आला आणि दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. ॲसिडमधून निघालेला स्फटिक दारिमाने पाण्यात धुतला, सुकवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पडदा लावला. आरसा विरला होता. त्याखालून उगवल्या होत्या रेघा. शेकडो, तिरक्या, नखांनी बोचकारल्यासारख्या.

"या माझ्या," रिम्मा म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, फक्त हात एप्रनच्या खिशात होते. "जाड दाण्याच्या आहेत. मधला दाणा मी गाळत होते. दोन वर्षं. कमी जोराला खपून गेलं, जोर वाढवला तसे ते घाव तापून फुटले. भट्टीचा काही दोष नाही. अस्तर बदलू नका, गोळाही टाकू नका."

मार्क याकोव्लेविच पडद्यावरून तिच्याकडे वळले. "दोन वर्षं? आणि कोणाला सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं."

"का गाळलात?"

"गुरुवारी लवकर निघावं लागतं म्हणून." आईचं नाव तिने घेतलं नाही.

त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. मग म्हणाले, "पूर्ण पद्धतीने घासायला किती दिवस?"

"दोन स्फटिकांच्या एका जोडीला अकरा. कमी नाही."

"मग अकरा घ्या. आणि रिम्मा एफिमोव्ना, हे लेखी द्या. शिक्षा म्हणून नाही. पुढे कोणी हे काम करेल त्याला वाचायला."

ती निघाली तेव्हा जिन्यापाशी अर्सेनीने तिला गाठलं.

"हं, काढा आता चूक," ती म्हणाली. "आयती सापडलीय. बारा वर्षांची उधारी फेडून घ्या, अर्सेनी कुझ्मिच."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पहिला जळला तेव्हाच. माझ्या गोळ्यात काही नव्हतं. मी अवरक्त कॅमेऱ्यातून तीनदा पाहिलं होतं."

"मग काल बोलला का नाहीस?" संतापाच्या भरात 'अहो' गळून पडलं.

अर्सेनीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझ्या चुका काढत नऊ वर्षं घालवली. त्याचा शेवट काय झाला ते बघितलंय मी. म्हटलं, यावेळी तिची तिलाच सापडू दे."

"आणि नसती सापडली तर?"

"तर अस्तर बदललं असतं. जुनंच झालं होतं."

रिम्माला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तिने दोन्ही गोष्टींसाठी त्यालाच शिव्या दिल्या.

अकरा दिवस ती खोलीबाहेर फारशी दिसली नाही. मधली बरणी पुढे आली. प्रत्येक दाण्यानंतर स्फटिक धुवायचा, हात धुवायचे, तबकडी बदलायची, किती झिजला ते मोजायचं. आधीच्या दाण्याच्या तिप्पट खोलीपर्यंत झिजल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. एका गुरुवारी ती घड्याळाकडे बघू लागली तेव्हा अर्सेनी दारात उभा राहिला. पाय पुसून.

"औषधांची यादी दे. माझी गाडी आहे, रस्ता साफ आहे. मी जाऊन येतो."

"आई तुला दारात उभं करणार नाही."

"बघू."

संध्याकाळी म्हातारीचाच फोन आला. "रिम्मा, तुझा तो लांबट आला होता. मी विचारलं, घटस्फोट झाला ना रे तुमचा? तर म्हणतो, तिच्याशी झालाय, अन्फिसा तेरेंत्येव्ना, तुमच्याशी कुठे झालाय! मेला. बटाटे तळघरात नीट लावून गेला. आणि माझ्या सूपात मीठ जास्त म्हणाला."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पुढच्या गुरुवारी स्वतः करून आण."

मार्चच्या शेवटी दारिमाने नवा स्फटिक बसवला. अठरा वॅट, वीस, चोवीस. तीसला पोचल्यावर तिने हात मागे घेतला आणि सगळे तासभर आकड्याकडे बघत बसले. आकडा हलला नाही. दुपारी दारिमाने रिम्माला काळा चष्मा दिला आणि आत बोलावलं.

"कुठे आहे?" रिम्माने विचारलं. टेबलावर आरसे होते, भिंगं होती, मध्ये तिचा काळा तुकडा. बाकी काही दिसत नव्हतं.

"तो दिसत नाही, रिम्मा एफिमोव्ना. थांबा." दारिमाने चिमट्यात देवदाराची फळी धरली आणि हळूच पुढे सरकवली. फळीवर आपोआप एक काळा ठिपका उमटला आणि धुराची बारीक रेघ वर गेली. लाकडाचा गोडसर वास सुटला. एवढी वर्षं या प्रकाशासाठी घासत आलेल्या बाईने तो पहिल्यांदाच पाहिला, तोही असा, धुरात.

"एवढा बारीक ठिपका," ती म्हणाली. मग फळी मागून घेतली आणि ठिपक्याच्या कडा कितपत गोल आहेत ते भिंगातून नीट बघितलं.

जुलैत यंत्र दलदलीवर नेलं. रिम्माही एक दिवस गेली, गमबूट घालून, डासांची जाळी तोंडावर ओढून. लाकडी फळ्यांच्या वाटेवर तिवईवर यंत्र उभं होतं, पलीकडे पाण्यातून मधूनच बुडबुडे येत होते आणि प्रत्येक बुडबुड्याला दारिमाच्या पडद्यावरची रेघ खाली वाकत होती. अर्सेनी थर्मासमधून चहा ओतत होता.

"साखर जास्त झालीय," रिम्मा म्हणाली आणि कप रिकामा करून पुन्हा पुढे केला.