कोपऱ्यावर बसलेले मास्तर

गौलीगुड्यात आमचं छोटंसं लॉज आहे. खाली आम्ही राहतो, वर पाहुण्यांच्या खोल्या. लातूर, नांदेड, सोलापूरकडून चारमिनार बघायला येणारी मंडळी बसस्टँडवर उतरतात आणि बॅगा ओढत चालतच आमच्याकडे येतात. आई गेल्यापासून हा व्याप मी सांभाळते. बाबा जवळच्याच शाळेत गणित शिकवायचे. आता निवृत्त आहेत, पण गल्लीसाठी अजून मास्टरसाबच.

गल्लीच्या तोंडाशी पूर्वी लोखंडी कचराकुंडी होती. ती उचलून नेली आणि घरोघरचा कचरा घ्यायला ऑटो यायला लागली. पण ती येईपर्यंत अर्धी गल्ली कामाला गेलेली असायची. मग लोक जाता जाता पिशव्या कुंडीच्या जुन्या जागेवर टाकायचे. दुपारपर्यंत कुत्री त्या फाडायची आणि हाडं, भाताची शितं, डायपर, सगळं रस्त्यावर यायचं.

एकदा लातूरचं एक कुटुंब आलं. खोली बघून बाई खूश झाल्या. नवरा मात्र खिडकीशी गेला आणि परत फिरला.

"ताई, खोली छान आहे हो," बाई ओशाळून म्हणाल्या, "पण लहान लेकरू आहे. रोज त्या घाणीतून न्यायचं कसं?"

मी चहा देते म्हटलं, पण ते थांबले नाहीत. त्याआधी एका पाहुण्याने इंटरनेटवर फोटो टाकले होते, त्यात आमची खोली नव्हतीच, सगळा उकिरडाच होता. तेव्हा मी ती जागा झाडून घेतली, रांगोळी काढली, फलक लावला. फलकाला टेकवून लोकांनी पिशव्या ठेवल्या.

लातूरचं कुटुंब परत गेलं त्या रात्री मी जेवताना रडले.  सकाळी उठून बघते तर बाबा अंगणातली खुर्ची घेऊन कोपऱ्यावर बसलेले, हातात पेपर.

"बाबा, घरी चला. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की. म्हणायला थांबतील तरी."

तेवढ्यात समोरून एक जण पिशवी घेऊन आला. बाबांचा जुना विद्यार्थी. त्यांना बघून त्याने पिशवी पाठीमागे धरली.

"मास्टरसाब, आप इधर कायकू बैठे?"

"पेपर पढ़ रा. तू बोल, बच्चे कैसे हैं?"

तो मुलांबद्दल दोन शब्द बोलला आणि पिशवी घेऊन घरी परतला. असे त्या आठवड्यात बरेच परतले. मला वाईट वाटायचं, म्हाताऱ्या माणसाने त्या वासात बसावं. पण खुर्ची उचलायचं धाडस मला झालं नाही.

ढीग हलला, पण गेला नाही. तो पुढच्या वळणावर, भांड्यांच्या दुकानासमोर लागला. दुकानदार तणतणत आमच्या दारात आला.

"मास्टरसाब, तुमचा कचरा माझ्या गळ्यात घातला तुम्ही!"

"खरंय तुझं," बाबा म्हणाले आणि चपला घालून त्याच्याबरोबर निघाले. दोघं ऑटोची वाट बघत उभे राहिले. ऑटो चालवणारी बाई आली तेव्हा बाबांनी तिला मोडक्या तेलुगूत विचारलं, आमची गल्ली आधी घेशील का?

"घेईन. पण लोक खाली यायला पाहिजेत. हॉर्न वाजवत उभी राहिले तर पुढच्या गल्लीतले लोक ओरडतात."

मग बाबा आणि तो दुकानदार दारोदार फिरले. कुणी हो म्हणालं, कुणी दार लावून घेतलं. हळूहळू सकाळी हॉर्न वाजला की बायका-पुरुष बादल्या घेऊन उतरायला लागले. सगळे नाही. सणासुदीला अजूनही पिशव्या पडतात, आणि मग दुकानदार स्वतःच आरडाओरडा करतो.

पाहुणे पुन्हा यायला लागले. सकाळी फिरायला निघालेले लोक कोपऱ्यावर बाबांना रस्ता विचारायचे. एकदा नांदेडच्या दोन बहिणींना रस्ता सांगता सांगता ते त्यांच्यासोबतच निघाले. जुने बाजार, बांगड्यांची गल्ली, इराणी चहा, सगळं दाखवून जेवायच्या वेळेला परत आले. गेल्यावर त्या बहिणींनी इंटरनेटवर लिहिलं, आजोबांबरोबर नक्की फिरा.

आता लोक फोनवर आधी खोलीचं विचारतात आणि लगेच बाबांचं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मी कुणाला शब्द देत नाही. पण काल मी वाढत असताना त्यांनीच विचारलं, "उद्या कोण कोण येतंय गं? चारमिनारच्या पायऱ्या चढणारे आहेत का?"