अम्मीच्या मापाची गाडी

गाडी बांधायच्या आधी अब्बांनी अम्मीला पलंगाच्या काठावर बसवलं. तिचे पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहिलं, टेपने उंची मोजली आणि भिंतीवर खडूने खूण केली. गाडीची सीट त्या खुणेच्या उंचीवर यायला हवी, एवढी एकच अट होती. बाकीची गाडी त्या सीटभोवती जमत गेली.

वरकुट्यात आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, कॅनॉलवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांची जुनी तार काढून नवी भरायची. मी आयटीआय करून त्याच दुकानात बसले. अब्बा मला शिकवतात, मी त्यांच्याशी भांडते, आणि मोटार चालू झाली की दोघंही ती आपल्यामुळेच चालू झाली असं गिऱ्हाइकाला सांगतो.

अम्मी अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ती काठी घेऊन चालू लागली, पण पाय उचलून वर चढणं कायमचं गेलं. एसटी नाही, जीप नाही, मोटारसायकल तर नाहीच. सांगवीला तिच्या माहेरी लग्न होतं तेव्हा चौघांनी तिला उचलून टेंपोत ठेवलं. साडी गुडघ्यापर्यंत गेली, तिने ती ओढून धरली, आणि बघणाऱ्यांत कोणीतरी हसलं. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "आता मला कुणी उचलायचं ते एकदाच. जनाज्याच्या येळंला." त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर फक्त अंगणापर्यंत जायची. मला तिचा हट्ट वाटायचा. अब्बांना तो हट्ट वाटत नव्हता, हे मला गाडीचं काम सुरू झाल्यावर कळलं.

वालचंदनगरला तिची थोरली बहीण, माझी खाला, राहायची, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तिचे यजमान खालूजान रिटायर होत होते. क्वार्टर सोडून दोघं मुलाकडे सुरतेला जाणार होती. खाला फोनवर म्हणायची, "एकदा तरी ये गं, या पायरीवर बसू दोघी." अम्मी "बघू" म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

तर अब्बांनी बारामतीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून एका छोट्या गाडीचं इंजिन आणलं, लोखंडी पाइप वेल्ड करून सांगाडा केला, आणि अम्मीच्या बाजूचं दार एवढं रुंद ठेवलं की म्हैससुद्धा संकोच न करता उतरली असती. कागदपत्रांचा विषय मी काढला की त्यांना नेमकं काहीतरी ऐकू यायचं नाही. पत्रा हिरवा, बॉनेट पांढरं. गावाने मनसोक्त चेष्टा केली.

रेडिएटरचा पंखा मूळ इंजिनाबरोबर आला नव्हता. दुसऱ्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा आणून आम्ही रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवला. वायरिंग माझ्याकडे होतं. पाणी तापलं की चालू होणारा स्विच, त्याच्यापुढे जास्त करंट झेलणारा रिले, फ्यूज, जाड वायर थेट बॅटरीपासून. पंख्याला वायरी दोनच, लाल आणि काळी. त्या जोडल्या, इंजिन तापवलं, पंखा फिरला. तेवढ्यात वरच्या आळीतून एकाची मोटार आली म्हणून मी दुकानात गेले.

निघायच्या दिवशी अम्मीने ठेवणीतली साडी नेसली आणि खालासाठी शेवयांचा डबा मांडीवर घेतला. सीटवर टेकली, दोन्ही पाय आत घेतले, झालं. कोणी हात लावला नाही. अब्बांनी गाडी सुरू करताना तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मला मागच्या सीटवर उगाचच भरून आलं.

सुरुवातीला गाडी छान चालली. मग उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलो, इंजिन तापलं, पंखा चालू झाल्याचा आवाज आला. ट्रॉल्या ओलांडून मोकळा रस्ता मिळाला, आता तापमानाचा काटा खाली यायला हवा होता. तो वर जाऊ लागला. कॅनॉलच्या कडेला थांबलो तर हळूहळू उतरला. पुन्हा निघालो, पुन्हा चढला. उभी असताना ठीक आणि पळताना तापते, ही उलटीच तऱ्हा होती. धावत्या गाडीला तर आयतं वारं मिळतं.

दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा बॉनेटमधून वाफ आली. मी फ्यूज पाहिला, रिले पाहिला, सगळं शाबूत. पंखा जोरात फिरत होता. अब्बा म्हणाले, "दुकानापुढं तर झ्याक चालत हुता." त्यांचा चेहरा उतरला होता.

एवढ्यात एक टेंपो थांबला. आत कामावर निघालेली माणसं होती. ड्रायव्हर भला माणूस, खाली उतरला, कुठं निघालो ते विचारून म्हणाला, "मावशीला उचलून घीऊ आत, क्वार्टरपत्तुर सोडतो. तुमी बसा गाडी दुरुस्त करत."

अम्मी डब्यावर हात ठेवून समोर बघत राहिली. आज तिला उचललं तर ही गाडी घरी पोचेल, पण अम्मी पुन्हा तिच्यात बसणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आणि नाही उचललं तर पायरी राहिली, खाला सुरतेला जाणार.

"न्हाय बाबा," अम्मी म्हणाली. "तुमी जावा. आमी येतो."

टेंपो गेला. मला अब्बांचा राग आला होता, तिचाही आला होता, आणि सगळ्यांत जास्त त्या पंख्याचा. अम्मीने दार उघडलं, पाय बाहेर टेकवले, काठी घेतली आणि आपली आपण उतरली. गाडीला धरत धरत पुढे गेली, रेडिएटरच्या जाळीसमोर उभी राहिली आणि लगेच तोंड फिरवलं.

"अवो, हितनं तर चुलीसारकी धग मारतिया. ह्ये असंच असतंय व्हय?"

मी पुढे जाऊन जाळीसमोर हात धरला. गरम वारा हातावर येत होता. पंख्याने पुढची थंड हवा रेडिएटरमधून आत ओढायची असते. आमचा पंखा इंजिनाची धग पुढे ढकलत होता, म्हणजे गाडी पळताना समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच अडवत होता. मी वाकून वायरी पाहिल्या. लाल काळीला जोडलेली, काळी लालला. वर गुंडाळलेली टेप माझी नव्हती.

"अब्बा, ह्या वायरी कुणी बदलल्या?"

"मी," ते म्हणाले. "तू दुकानात गेलीस, मी म्होरं हुबा राहिलो तर वारंच लागंना. म्हणलं उलटा फिरतोय."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्या धंद्यात मोटार उलटी फिरली की पाइपाच्या तोंडाला पाणी येत नाही. मग दोन वायरींची अदलाबदल करायची, मोटार सरळ फिरते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. तोंडापाशी उभं राहायचं, काही आलं नाही तर वायरी बदलायच्या. गाडीचंही तोंड त्यांनी पुढे धरलं. पंपासारखं तिथून काहीतरी बाहेर पडायला हवं होतं, आणि वायरी बदलल्यावर ते पडलंही.

एरवी मी यावर निदान आठवडाभर बोलले असते. त्या वेळी फक्त त्यांच्या हातातली पक्कड घेतली. बॅटरी सोडवली, वायरी सरळ केल्या, टेप मारली. पंखा सुरू झाल्यावर अम्मीने पदराचं टोक जाळीसमोर धरलं. पदर आत ओढला जाऊन जाळीला चिकटला.

"आता?" तिने विचारलं.

"आता बरूबर," अब्बा म्हणाले. ती पुन्हा सीटवर टेकली आणि पाय आत घेतले. इंजिन निवल्यावर रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि निघालो. वालचंदनगर येईपर्यंत मी त्या काट्यावरून नजर हलवली नाही. तो चढला नाही.

खालाने आमच्या येण्याची तयारी करून ठेवली होती. क्वार्टरच्या फाटकाशी शेजारची चार धट्टीकट्टी पोरं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन उभी होती, अम्मीला खुर्चीसकट उचलून आत नेण्यासाठी. गाडी थांबताच ती पुढे आली.

"सरा बाजूला," अम्मी म्हणाली. तिने दार उघडलं, डबा माझ्याकडे दिला आणि उतरली. काठी टेकत त्या चौघांच्या मधून गेली आणि पायरीवर बसली. खाला तिच्याशेजारी बसून रडायला लागली. अम्मीने तिला थोडा वेळ रडू दिलं, मग शेवयांचा डबा मागितला.

पोरं जरा वेळ तशीच उभी राहिली. मग रिकामी खुर्ची उचलून परत गेली.