नेत्र, वेद, चंद्र

हस्तलिखितांच्या ग्रंथालयातले एक वयस्कर कारकून मला रोज वैताग आणतात. मार्केट यार्डहून दोन बस बदलून पोहोचलो की आधी हात धुवायला लावतात, मग तळवे उलटसुलट तपासत म्हणतात, "अहो, पोथी आहे, वडापाव नाही."

सोमवारी प्रकल्प द्यायचा होता आणि संख्यांवरच्या मध्ययुगीन पोथीतलं एक उदाहरण तीन दिवस सुटत नव्हतं. तिच्यात अंक शब्दांत असतात: नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, चंद्र म्हणजे एक. उदाहरणातलं 'नेत्र, वेद, चंद्र' म्हणजे दोनशे एक्केचाळीस धरून मी भागत होतो आणि पोथीत दिलेली बाकी जुळत नव्हती. शनिवारी ते माझ्या वहीत डोकावले.

"शेवटून वाचायचं असतं. एकशे बेचाळीस."

बाकी लगेच जुळली.

"सर, तीन दिवस तुम्ही बघत होतात?"

"बघत होतो. आपण विचारलंत कुठे?"

मला रागच आला. पण खरं होतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; विचारलं तर अडाणी ठरेन, अशी भीती वाटते.

त्यांनी खुर्ची ओढली. "आता हे पुढचं घ्या. मला कित्येक वर्षं सुटलेलं नाही."

"मग तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?"

"आत्ता विचारतोय ना!"