अप्पांची बिडी आणि गादीवरच्या साड्या

आमच्या अप्पांनी बिडी सोडली हे मी कुणालाही सांगते. विचारलं नाही तरी सांगते. नांदेडला फार्मसी कॉलेजात शिकवते मी. तंबाखूचा धडा आला की पोरांना पुस्तकाआधी माझे वडीलच ऐकावे लागतात. मिरवते म्हणा ना.

अप्पांचं उदगीरला कापडदुकान. आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच जेवायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. अन् दिवसभर उजव्या हातात मीटरपट्टी, डाव्या हातात बिडी. छाती घरघरायला लागली, डॉक्टरांनी दटावलं, तेव्हा एका सोमवारी अप्पांनी लिंग हातावर घेऊनच शपथ घेतली. आमच्याकडे हे असंच. औषध नको, सल्ला नको, एकदम देवालाच मध्ये घालायचं.

झोप गेली, चव गेली, गिऱ्हाइकांवर खेकसणं सुरू झालं. अन् एक दिवस दुकानामागे बिडी पेटली. तेव्हापासून लिंग गळ्यातच राहिलं. 'ह्या हाताला वास हाय. खोट्या माणसानं कशाला पूजा करावी?' म्हणायचे. पूजा नाही म्हणून सकाळचं जेवणही नाही, दुपारी काय ते दोन घास. आमची अव्वा, म्हणजे आई, ताट वाढायची अन् तसंच उचलायची. माणूस डोळ्यांदेखत वाळून चालला होता. त्यात शेजारपाजारचे म्हणणार, ह्यांचं मनच कच्चं. माझं डोकं फिरलं.

रविवारी उदगीर गाठलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी गादीवर बसले अन् म्हणाले, 'अप्पा, मनाचं राहू द्या, मेंदूचं ऐका.' मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं, त्यानं बरं वाटतं, निकोटिन ते वाढवतं, अन् काम झालं की ते मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, मोनोअमाइन ऑक्सिडेज. इथवर आले तर अप्पांनी माशी वारावी तसा हात हलवला. 'मराठीत बोल.'

समोर आमचा जुना नोकर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालून राहिला होता.

'हे बघा,' मी म्हणाले, 'निकोटिन साड्या उलगडतं. एन्झाइम म्हंजे हा माणूस, घड्या घालून उचलणारा. पण बिडीच्या धुरात आणखी काही पदार्थ असतात, ते ह्याचे हात बांधतात. साड्या पडून राहतात, गादी भरलेली दिसते. तुमच्या मेंदूला वर्षानुवर्षं भरल्या गादीची सवय. तुम्ही बिडी टाकली. उलगडणारा गेला, अन् ह्याचे हात सुटायला लागले. गादी रिकामी. तेच तुम्हाला सोसलं न्हाई. ह्यात खोटेपणा कुठं आला?'

'किती दिस राहती रिकामी?'

'काही आठवडे तरी लई जड जातं. मग मेंदू आपलं आपण जुळवून घेतो.'

अप्पा गादीकडं बघत राहिले. मग इतक्या हळू विचारलं की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. 'म्हंजे मी खोटा न्हाई?'

'न्हाई अप्पा.'

दुसऱ्या वेळी शपथ नव्हती. डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं. त्यात निकोटिन असलं तरी धूर नाही, तेव्हा बिडीची मजा त्याला येणार नाही, हे मी आधीच बजावलं. अप्पा तोंड वाकडं करून ते चघळायचे. तलफ आली की गल्ल्यावरून उठून स्वतःच घड्या घालत बसायचे, नोकर बिचारा उभाच. फोनवर अव्वा म्हणायची, 'लई चिडून राहिलेत, पण पेटवली न्हाई.' पूजा मात्र बंदच. हाताचा वास गेल्याशिवाय लिंगाला हात लावणार नाही, हा हट्ट. सकाळची भाकरी दुपारवर गेली ती गेलीच. असला हट्टी माणूस माझा बाप आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढं सुट्टीत उदगीरला गेले, तर सकाळी अप्पा अंघोळ करून माझ्यासमोर उभे. डावा तळहात नाकापुढं धरला.

'वास घे. खरं सांग.'

मी घेतला. 'साबणाचा येतोय.'

'नुसता साबणाचा?'

'नुसता.'

अप्पांनी गळ्यातलं लिंग काढून त्या हातावर ठेवलं अन् आत आवाज दिला, 'ताट वाढ गं.'